दोन जयंत पाटील, चार राजाराम, चार रमाबाई: कोशात नोंदीचे नाव ठरते कसे?

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमधून सुनील तटकरे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले. त्याच मतदान यंत्रावर सुनील तटकरे याच नावाचे आणखी एक अपक्ष उमेदवार होते आणि त्यांना ९,८४९ मते पडली. तेव्हापासून ‘नामसाधर्म्याचा फटका’ ही बातमी प्रत्येक निवडणुकीत ठरलेली असते. २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला. आईवडिलांनी तेच नाव ठेवले म्हणून एखाद्याला निवडणूक लढवण्यापासून कसे अडवायचे, असा न्यायालयाचा सूर होता.

निवडणुकीच्या कायद्याने यावर उपाय आधीच सांगून ठेवला आहे. निवडणूक संचालन नियम, १९६१ म्हणतात की दोन उमेदवारांचे नाव एकच असेल तर नावापुढे व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडा, नाहीतर अन्य कोणत्या तरी रीतीने फरक दाखवा. तेही पुरेना, म्हणून १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत उमेदवाराचा फोटोही आला.

अगदी हाच पेच ज्ञानकोश तयार करणाऱ्यांपुढे रोज असतो, फक्त शीर्षकात फोटो लावता येत नाही. मोहन जोशी म्हणजे अभिनेते की पुण्यातले काँग्रेसचे नेते? सुधीर जोशी म्हणजे रंगभूमीवरचे की शिवसेनेचे? राम कदम म्हणजे संगीतकार की घाटकोपरचे आमदार? दोघांवर नोंद हवी असेल तर एकाच्या नावात काहीतरी जोडावे लागणार. काय जोडायचे, कोणाला जोडायचे आणि कोणाचे नाव मोकळे सोडायचे, यावरून विकिपीडियाच्या चर्चापानांवर लोक दिवसेंदिवस भांडतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे रिकामटेकड्यांचे उद्योग वाटतात, पण त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे.

छापील कोशात चालायचे, मग आताच अडचण का?

जुन्या छापील कोशात एकाच नावाच्या दोन नोंदी एकाखाली एक बसायच्या. वाचक पान उघडायचा, दोन्ही नजरेखालून घालायचा आणि हवी ती वाचायचा. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या प्राचीन चरित्रकोशात तर एकाच नावाच्या ऋषींची आणि राजांची रांगच लागते आणि प्रत्येकापुढे क्रमांक असतो. मराठी विश्वकोशाने आडनाव आधी घेण्याची पद्धत ठेवली: ‘गडकरी, राम गणेश’. त्यामुळे सगळे देशपांडे आणि सगळे जोशी आपोआप एका ठिकाणी आले.

इंटरनेटवरच्या कोशात शीर्षक हेच पानाचे ठिकाण असते. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर ‘मोहन जोशी’ या शीर्षकाचे एकच पान असू शकते, दुसरे बनवायला यंत्रणा नकारच देते. शिवाय वाचक आता पाने चाळत येत नाही. तो शोधखिडकीत दोन शब्द टाकतो आणि थेट आत येऊन पडतो. शेजारची नोंद त्याला दिसतच नाही.

म्हणून तीन सोयी वापरतात. त्यांची नावे जड आहेत, काम साधे आहे. एक, निःसंदिग्धीकरण पान: एका नावाच्या सगळ्या माणसांची ओळखीच्या एकेका ओळीसह यादी. यापुढे मी त्याला यादीचे पान म्हणेन. दुसरी सोय पुनर्निर्देशन, म्हणजे एका नावाने आलेल्या वाचकाला गुपचूप दुसऱ्या नावाच्या पानावर नेणे. तिसरी, पानाच्या माथ्यावरची सूचना: ‘हा लेख अभिनेत्याबद्दल आहे, राजकारण्यासाठी अमुक पान पाहा.’ सारखी नावे दोनच असतील तर पुष्कळदा ही माथ्यावरची ओळच पुरते, यादीचे वेगळे पान लागत नाही.

मग जोडायचे काय?

गावात तीन तुकाराम असले की गाव त्यांना १, २, ३ असे नंबर देत नाही. एक गिरणीवाला तुकाराम होतो, एक वरच्या आळीचा, एक तुकाराम मास्तर. ही नावे तुकारामने स्वतः ठरवलेली नसतात, त्याला शोधत येणाऱ्यांनी पाडलेली असतात. पाहुण्याने पारावर विचारले की लोक त्याला तो ओळखू शकेल अशी खूण सांगतात.

कोशाचे शीर्षकही याच न्यायाने ठरायला हवे. दोन माणसांत खरा फरक दाखवणाऱ्या गोष्टी शेकडो असतात: जन्मतारीख, आईचे नाव, रक्तगट. त्यांतली शोधणाऱ्याला पान उघडण्याआधीच ठाऊक असलेली गोष्ट तेवढी कामाची. अभिनेते मोहन जोशी यांना शोधणाऱ्याला ते अभिनेते आहेत हे नक्की माहीत असते. म्हणून ‘मोहन जोशी (अभिनेता)’ चालते. ‘मोहन जोशी (जन्म १९४५)’ हे तितकेच अचूक असले तरी निरुपयोगी, कारण ते साल शोधायलाच तर वाचक आलेला असतो.

ग्रंथालयांत मात्र नावापुढे जन्म-मृत्यूची साले लावण्याची जुनी पद्धत आहे आणि तिथे ती योग्यही आहे. सूची करणाऱ्या ग्रंथपालाला माणूस ओळखायचा नसतो, एका लेखकाची पुस्तके दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ द्यायची नसतात. संगणकासाठी तर आकडाच बरा. विकिडेटा नावाच्या प्रकल्पात प्रत्येक माणसाला, गावाला, नदीला स्वतंत्र क्रमांक असतो आणि तिथे दोन मोहन जोशींची सरमिसळ होण्याचे कारण नाही. पण कोणी वाचक क्रमांक टाकून अभिनेता शोधत नाही.

आपल्याकडे वडिलांचे नाव असतेच की!

ही हरकत सर्वांत आधी येते आणि ती वजनदार आहे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही मराठी रीत म्हणजे तयार उत्तरच. मराठी साहित्यात दोन पुरुषोत्तम देशपांडे होऊन गेले, दोघांनाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला: पुरुषोत्तम यशवंत यांना १९६२ साली आणि पुरुषोत्तम लक्ष्मण यांना १९६५ साली. एक पु. य., दुसरे पु. ल.; कंसाची गरजच पडली नाही.

पेशव्यांच्या घराण्यात तर ही रीत फार सुंदर काम करते. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे, त्यामुळे बाळाजी, बाजीराव, माधवराव ही नावे फिरून फिरून येतात. पण बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी बाजीराव, बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ, माधवराव बल्लाळ आणि माधवराव नारायण अशा जोड्या लावल्या की घोळ संपतो. कागदपत्रांत हे असेच येते आणि इतिहासाच्या अभ्यासकाला याहून नेमके काही नको असते.

शाळेतल्या मुलाला मात्र ‘बाजीराव रघुनाथ’ म्हणजे कोण ते कळत नाही. त्याला दुसरा बाजीराव माहीत असतो. ‘माधवराव नारायण’ त्याने कधी ऐकलेले नसते, सवाई माधवराव ऐकलेले असतात. म्हणजे वडिलांचे नाव अचूक आहे, पण शोधणाऱ्याच्या तोंडी ते नाही. अशा वेळी शीर्षक ‘सवाई माधवराव पेशवे’ ठेवावे आणि ‘माधवराव नारायण’ वरून तिथे पुनर्निर्देशन द्यावे. नानासाहेबांच्या बाबतीत तर एवढ्यावरही भागत नाही. पानिपतच्या वेळचे नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव आणि १८५७ मध्ये कानपूरला उठाव करणारे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. नाव तेच, पेशवे तेच, मधे शंभर वर्षे. इथे यादीचे पान करण्यावाचून इलाज नाही.

आणि स्त्रियांचे काय? लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याच्या चालीमुळे एकाच बाईची तीन-तीन नावे होतात. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. विभावरी शिरूरकर या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर माहेरच्या बाळूताई खरे. इथे नावे सारखी असण्याऐवजी प्रश्न उलटा आहे, एका माणसाची नावे अनेक. त्यावर मला एकच कसोटी पटते: ज्या नावाने त्यांचे काम लोकांपुढे आले ते शीर्षकात, बाकीची सगळी पुनर्निर्देशनात. माहेरचे नाव ‘खरे’ आणि सासरचे ‘नंतरचे’ असला वाद शीर्षकात घालायचा नाही. तो लेखाच्या पहिल्या परिच्छेदात सोडवता येतो.

दोघेही एकाच धंद्यात असले तर?

कंसात व्यवसाय टाकण्याची युक्ती जयंत पाटलांपाशी येऊन मोडते. एक इस्लामपूरचे, एक अलिबागचे. दोघेही राजकारणी, दोघेही पक्षाच्या वरिष्ठ पदांवर राहिलेले, दोघेही एकाच काळात विधिमंडळात, एवढेच काय एकाच आघाडीत. वर्तमानपत्रे ‘शेकापचे जयंत पाटील’ आणि ‘राष्ट्रवादीचे जयंत पाटील’ असे लिहून मोकळी होतात. रोजच्या बातमीला ते ठीक आहे, बातमीचे आयुष्य एका दिवसाचे. कोशाला निदान वीस वर्षांचा विचार करावा लागतो आणि महाराष्ट्रात वीस वर्षे पक्षाच्या नावावर विसंबून राहणे धाडसाचे आहे. २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा ‘(राष्ट्रवादी)’ असा कंस लावलेल्या प्रत्येक शीर्षकापुढे ‘कोणती?’ हा प्रश्न उभा राहिला असता.

मग मतदारसंघ घ्यावा? इस्लामपूरचे जयंत पाटील १९९० पासून वाळव्याचे आमदार होते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर ते इस्लामपूरचे झाले. आणि २०२५ मध्ये इस्लामपूर शहराचेच नाव ईश्वरपूर करायचे ठरले. माणूस जागच्या जागी आणि कंसातला मजकूर दोनदा बदलायची वेळ.

इथे वडिलांचे नाव परत उपयोगी पडते. जयंत राजाराम पाटील आणि जयंत प्रभाकर पाटील. राजारामबापू आणि प्रभाकर पाटील दोघेही त्या त्या भागात स्वतःच्या कर्तृत्वाने माहीत असलेले, त्यामुळे ही खूण बदलतही नाही आणि बऱ्याच वाचकांना ठाऊकही असते. मोकळ्या ‘जयंत पाटील’ वर यादीचे पान. मला विचाराल तर या जोडीपुरते हेच उत्तर बरोबर आहे. जे पेशव्यांना नीट बसले नाही ते पाटलांना बसते, म्हणून ‘सगळीकडे एकच नियम लावा’ असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पहिले, दुसरे, तिसरे असे आकडे लावले तर?

राजघराण्यांसाठी हा उपाय सोपा वाटतो. पण आकडा मोजायचा कोणत्या गादीवरून, हे आधी ठरवावे लागते. छत्रपती राजाराम महाराज (१६७०–१७००) यांच्यानंतर साताऱ्याच्या गादीवर १७४९ मध्ये रामराजे आले, त्यांना राजाराम दुसरे म्हणतात. कोल्हापूरच्या गादीवर १८६६ मध्ये आलेल्या राजाराम महाराजांनाही राजाराम दुसरेच म्हणतात. हे दुसरे राजाराम युरोपच्या प्रवासात १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीकाठी त्यांचे दहन झाले, तिथल्या बागेत त्यांची छत्री आणि अर्धपुतळा आहे आणि जवळचा पूल आजही ‘इंडियानो’ म्हणून ओळखला जातो. राजर्षी शाहूंचे चिरंजीव राजाराम महाराज मग कोल्हापूरचे तिसरे. तेव्हा ‘राजाराम दुसरे’ असे नुसते शीर्षक दिले तर एक वाचक साताऱ्याला जाईल आणि दुसरा इटलीला. गादीचे नाव जोडल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही: ‘राजाराम दुसरे (कोल्हापूर)’.

आकड्यांपेक्षा आपल्या जुन्या बखरी-पत्रांतली रीत जास्त हुशार होती. थोरले बाजीराव, थोरले माधवराव, थोरले शाहू, धाकटे शाहू. ‘थोरले’ म्हटले की कोणाबद्दल बोलतोय ते साताऱ्यात आणि पुण्यात सगळ्यांना कळायचे. अडचण एवढीच, की ‘थोरले’ लागतो तो धाकटा आल्यावर. जिवंत असताना कोणी थोरले बाजीराव नव्हते. कोशातही असेच होते: एकुलते एक नाव वर्षानुवर्षे मोकळे असते, मग त्याच नावाचा एखादा क्रिकेटपटू चमकतो आणि जुन्या नोंदीला नवे शीर्षक शोधावे लागते. त्या जुन्या पानाकडे येणारे शेकडो दुवेही मग तपासून वळवावे लागतात, नाहीतर सत्यशोधक चळवळीच्या लेखातून वाचक थेट क्रिकेटपटूच्या धावांवर पोचतो.

उपाधी काढली तर अनादर होत नाही का?

या मुद्द्यावर मराठीत सर्वांत जास्त तापते. विश्वकोशांचा सर्वसाधारण संकेत असा की शीर्षकात पदवी, बिरुद, आदरार्थी बहुवचन लावायचे नाही. मोठेपण लेखातून दिसले पाहिजे. संकेत चांगला आहे, कारण एकाला ‘थोर’ लावले की दुसऱ्याला का नाही, हे सांगता येत नाही.

पण मराठीत काही उपाध्या नुसत्या आदराच्या राहिलेल्या नाहीत, त्या ओळखीच्या झाल्या आहेत. चार रमाबाई घ्या: माधवराव पेशव्यांच्या पत्नी, न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी आणि पंडिता रमाबाई. पहिल्या तिघींना आडनावाने वेगळे करता येते. चौथीचे माहेरचे आडनाव डोंगरे, सासरचे मेधावी, आणि दोन्ही सांगितली तरी बहुतेकांना ओळख पटत नाही. ‘पंडिता’ ही कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली पदवी, आणि आज तीच त्यांचे अर्धे नाव आहे. १८८२ मध्ये पुण्यात पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे एकाच वेळी, एकाच स्त्रीसुधारणेच्या वर्तुळात वावरत होत्या. तिथे ‘पंडिता’ काढून टाकणे म्हणजे वाचकाला मुद्दाम चुकवणे. सेनापती बापटांचेही तेच. पांडुरंग महादेव बापट हे शीर्षक नियमात बसते, पण त्या नावाने त्यांना कोण शोधणार?

शाहू महाराजांच्या बाबतीत तर उपाधी हीच सीमारेषा आहे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देणारे शाहू महाराज साताऱ्याचे, १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारे शाहू महाराज कोल्हापूरचे. दोघांत जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे, तरी विद्यार्थ्यांच्या निबंधांत ते सर्रास एक होतात. ‘राजर्षी’ लावले की कोल्हापूरचे, हे महाराष्ट्रात कोणालाही कळते. म्हणून माझा हिशेब असा: उपाधी काढल्यावर माणूस ओळखू येत असेल तर काढा, येत नसेल तर ती नावाचा भाग समजा. ‘बी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कवींना ‘कवी बी’ म्हणावेच लागते, नुसत्या एका अक्षराचे शीर्षक कोण शोधणार?

मोकळे नाव कोणाला?

एका नावाच्या माणसांपैकी एकाला कंस लावायचा आणि दुसऱ्याला मोकळे सोडायचे, हा पक्षपात वाटतो. तो पक्षपात आहेच, पण वाचकांनी आधी केलेला. परशुराम मूळचा रामच, जमदग्नीचा मुलगा म्हणून जामदग्न्य राम. बलरामालाही महाभारतात नुसते राम म्हटले आहे. तरी ‘राम’ म्हटल्यावर दाशरथी रामच डोळ्यांपुढे येतो आणि इतर दोघांनी परशू आणि बल जोडून घेतले, त्याला हजारो वर्षे झाली. कृष्णाचेही तसेच, व्यासांचे नावही कृष्णच, बेटावर जन्मले म्हणून द्वैपायन.

तेव्हा कसोटी ही, की ते नाव टाकून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कोण हवे असते? उत्तर उघड असेल तर मोकळे शीर्षक त्याला द्यावे, बाकीच्यांसाठी माथ्यावर एक ओळ. उत्तर उघड नसेल तर कोणालाच देऊ नये. ‘शाहू महाराज’ या नावाबद्दल कोल्हापूरकराला शंका नसते आणि साताऱ्याच्या इतिहासप्रेमीलाही नसते, फक्त दोघांची खात्री वेगवेगळ्या माणसांबद्दल असते. म्हणून तिथे यादीचे पानच हवे. आज बातमीत कोण आहे यावरून तर मुळीच ठरवू नये. निवडणूक संपते, मालिका संपते, कोशातली नोंद राहते.

एवढे डोके शिणवायचे कारण?

कारण आता कोश फक्त माणसे वाचत नाहीत. शोधयंत्रे आणि प्रश्नांची उत्तरे देणारे प्रोग्राम याच पानांवरून माहिती उचलतात. शीर्षक धड नसेल तर अभिनेत्याच्या माहितीशेजारी राजकारण्याचा फोटो येतो, एकाच्या नावावर दुसऱ्याचा मृत्यू पडतो आणि एखाद्यावरचा खटला त्याच्या नावाच्या निरपराध माणसाला चिकटतो. पु.ल., पु. ल. आणि पुल या तिन्हींत आपल्याला फरक दिसत नाही, यंत्राला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. तो घोळ पुनर्निर्देशनाने सुटतो, पण ते कोणीतरी बसून करावे लागते.

आणि माणूस एक की दोन, हेच ठाऊक नसेल तर?

सर्वांत अवघड जागा ही. संत नामदेव (१२७०–१३५०) यांच्या गाथेत ‘नामा म्हणे’ या नाममुद्रेचे अभंग आहेत. पण सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे आणखी एक कवी होऊन गेले, त्यांची नाममुद्राही तशीच, आणि त्यांचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले गेले. माणसे दोन आहेत हे अभ्यासकांना मान्य आहे, म्हणून शीर्षके दोन. कोणता अभंग कोणाचा, हे मात्र शीर्षकाने ठरत नाही. गुरुग्रंथसाहिबातली ६१ पदे लिहिणारे नामदेव पंढरपूरचेच का, यावरही लिहिले गेले आहे.

ज्ञानदेवांबद्दल याहून मोठा वाद झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने लेख लिहून मांडले की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव वेगळे. बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केले नाही. अशा ठिकाणी ‘ज्ञानदेव (ज्ञानेश्वरीकार)’ आणि ‘ज्ञानदेव (अभंगकार)’ अशी दोन पाने केली तर कोशकाराने निकालच देऊन टाकला असे होईल, आणि तो देण्याचा अधिकार त्याला नाही. तिथे ‘ज्ञानेश्वर’ हे एकच शीर्षक ठेवून भारद्वाजांचे म्हणणे आणि त्यावरची उत्तरे लेखाच्या आत मांडायची. पुढे एखादे हस्तलिखित हाती लागले आणि अभ्यासकांचे मत फिरले, तर पान दुभंगायला पाच मिनिटे लागतात.